टिळकांवरील १९०८ च्या खटल्यांतील कार्ड व पुराव्याची ग्राह्याग्राह्यता

जुन्या कागदांचा ज्यांस नाद आहे अशा आम्हां मंडळींस, अमुक एक कागद विचारांतच घेऊं नका असें कोणीं सांगितलें, तर तें सहसा रुचत नाहीं. कागद अस्सल असला, अक्षर ओळखीचें असलें, तो कोठें व कोणाच्या दप्तरांत मिळाला याची नोंद असली, म्हणजे तो चार ओळींचा आहे किंवा चालू विषयाशीं त्याचा संबंध दूरचा आहे एवढ्या कारणानें तो बाजूस सारणें हें आमच्या धंद्यांत पापच समजलें जातें. कै. राजवाडे यांनीं १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हांपासून चिटोरें व चोपडी यांचा सारखाच आदर करण्याची जी शिस्त महाराष्ट्रांत पडली, तिचें फळ आपण सर्व भोगीत आहों. फौजदारी न्यायाच्या शास्त्रांत मात्र याच्या उलट असा एक नियम आहे. त्या शास्त्राचें म्हणणें असें कीं, कागद खरा असेल, आरोपीच्याच घरांत सांपडलेला असेल, विषयाशीं त्याचा थोडाबहुत संबंधहि असेल. तथापि त्यापासून पडणारा उजेड थोडा आणि मनाचा होणारा क्षोभ फार, असें असेल, तर तो निर्णय करणारांच्या दृष्टीस पडूं देऊं नये. हा नियम प्रथमदर्शनीं ज्ञानाच्या विरुद्ध वाटतो. तो तसा नाहीं. आणि त्याकडे लक्ष न दिल्यास काय होतें, हें आपल्याच इतिहासांतील एका प्रसिद्ध खटल्यावरून दाखवावें असा या लेखाचा हेतु आहे. खटला लोकमान्य टिळकांवरील, सन १९०८ चा; आणि वस्तु एक पोस्टकार्ड.

खटल्याची हकीकत बहुतेकांस ठाऊक आहे, म्हणून ती कामापुरतीच देतों. ३० एप्रिल १९०८ रोजीं मुझफरपूर येथें बाँब फेकला जाऊन केनेडी आडनांवाच्या दोन इंग्रज स्त्रिया मृत्यु पावल्या. ज्याच्यासाठीं तो बाँब होता तो न्यायाधीश किंग्जफर्ड वांचला. या प्रकरणावर 'केसरी'नें मे व जून महिन्यांत जे लेख लिहिले, त्यांपैकीं १२ मेचा 'देशाचें दुर्दैव' व ९ जूनचा 'हे उपाय टिकाऊ नाहींत' या दोन लेखांवरून टिळकांस २४ जून रोजीं मुंबईस पकडण्यांत आलें. १३ जुलैपासून मुंबई हायकोर्टांत न्या. दावर व नऊ जणांची खास ज्यूरी यांच्यापुढें काम चाललें. ज्यूरींत सात युरोपियन व दोन पारशी होते, व मूळ मराठी लेख त्यांच्यापुढें इंग्रजी भाषांतरांच्या रूपानें गेले. राजद्रोहाचे, म्हणजे दंडविधानाच्या कलम १२४ अ खालचे, दोन आणि वर्गावर्गांत द्वेष उत्पन्न केल्याचा, म्हणजे कलम १५३ अ खालचा, एक असे तीन आरोप होते. टिळकांनीं आपलें काम आपणच चालविलें, व त्यांचें भाषण २१ तासांहून अधिक वेळ झालें. २२ जुलैच्या रात्रीं ज्यूरीनें सात विरुद्ध दोन मतांनीं त्यांस दोषी ठरविलें. न्यायमूर्तींनीं सहा वर्षांची हद्दपारी व एक हजार रुपये दंड अशी शिक्षा सांगितली. या सर्व कामाचा इंग्रजी वृत्तान्त न. चिं. केळकरांनीं त्याच वर्षीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध केला, आणि ज्यांस खटल्यांतील बारकावे पाहावयाचे आहेत त्यांस तो वाचल्यावांचून गत्यंतर नाहीं.

आतां कार्डाकडे वळूं. अटकेच्या दुसऱ्या दिवशीं, म्हणजे २५ जून रोजीं, पुण्यांत टिळकांच्या घराची व 'केसरी'च्या कचेरीची झडती झाली. झडतींत जे कागद मिळाले त्यांत हें कार्ड होतें, व त्यावर स्फोटक द्रव्यांविषयींच्या दोन इंग्रजी पुस्तकांचीं नांवें टिपलेलीं होतीं. दोन पुस्तकांचीं नांवें, एवढाच काय तो मजकूर. पुस्तकें सांपडलीं नाहींत; सांपडलीं तीं केवळ नांवें. सरकार पक्षानें तें कार्ड पुराव्यांत दाखल केलें. टिळकांनीं तें आपलें असल्याचें नाकारलें नाहीं. त्यांनीं खुलासा केला तो असा : सरकारनें स्फोटक द्रव्यांसंबंधीं नवा कायदा केला होता, त्यांत स्फोटक द्रव्याची जी व्याख्या केली होती तिच्यावर टीका करावयाची तर त्या शास्त्राचे आधार पाहाणें जरूर होतें, त्यासाठीं हीं नांवें टिपून ठेविलीं.

हा खुलासा पटण्यासारखा होता कीं नव्हता, याचा विचार प्रत्येकानें स्वतः करावा. परंतु तो करतांना तारखा विसरूं नयेत. स्फोटक द्रव्यांचा कायदा, म्हणजे १९०८ चा सहावा, आणि गुन्ह्यांस चिथावणी देणाऱ्या वर्तमानपत्रांविषयींचा सातवा, हे दोन्ही ८ जून १९०८ रोजीं एकाच दिवशीं मंजूर झाले. दुसऱ्याच दिवशीं 'केसरी'चा जो लेख निघाला, तो या दोन उपायांवरच होता. त्याचें नांवच तें सांगतें. म्हणजे ज्या लेखासाठीं टिळक आरोपीच्या पिंजऱ्यांत उभे होते, तो लेखच या खुलाशाचा साक्षी होता. संस्कृत ग्रंथांवर टीका लिहिणारा शास्त्री वादाचा शब्द आला कीं प्रथम कोश उघडतो. कायदा शिकलेला व शिकविलेला संपादक व्याख्येवर लिहिण्यापूर्वीं त्या विषयाच्या ग्रंथांचीं नांवें टिपून ठेवतो, यांत मला तरी कांहीं विलक्षण दिसत नाहीं.

पण खुलासा पटतो कीं नाहीं हा दुसरा प्रश्न झाला. पहिला प्रश्न असा कीं, तो खुलासा मागण्याचा प्रसंग तरी आरोपीवर कां यावा? टिळकांवर बाँब केल्याचा आरोप नव्हता, बाळगल्याचा नव्हता, कोणास शिकविल्याचाहि नव्हता. आरोप होता तो छापून प्रसिद्ध झालेल्या दोन लेखांचा. त्या लेखांच्या शब्दांनीं सरकाराविषयीं द्वेष किंवा अप्रीति उत्पन्न होते काय, आणि ती उत्पन्न करण्याचा लेखकाचा यत्न होता काय, एवढेंच ज्यूरीस ठरवावयाचें होतें. घरांतील मेजाच्या खणांत असलेलें, कोणीहि वाचक न पाहिलेलें कार्ड वाचकांच्या मनांत कोणतीच भावना उत्पन्न करूं शकत नाहीं. राहिला हेतूचा प्रश्न. तेथेंच खरी अडचण आहे, म्हणून कायद्याचे शब्द थोडे बारकाईनें पाहिले पाहिजेत.

त्या वेळीं चालू असलेला पुराव्याचा कायदा सन १८७२ चा, सर जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनीं रचलेला. त्याच्या कलम १४ प्रमाणें मनाची स्थिति, म्हणजे हेतु, ज्ञान, द्वेष इत्यादि, दाखविणाऱ्या गोष्टी पुराव्यांत येऊं शकतात. परंतु त्याच कलमाच्या स्पष्टीकरणांत अट घातली आहे कीं, ती मनःस्थिति सामान्यतः असल्याचें दाखवून भागत नाहीं, चालू असलेल्या विशिष्ट बाबीसंबंधानेंच ती होती असें दिसलें पाहिजे. पुढें उदाहरणें दिलीं आहेत, व स्टीफनची बुद्धि उदाहरणांत फार चांगली दिसते. एका माणसास गोळी घालून मारल्याच्या आरोपांत, आरोपीनें त्याच माणसावर पूर्वीं गोळी झाडली होती ही गोष्ट ग्राह्य. पण आरोपीस लोकांवर गोळ्या झाडण्याची खोडच आहे ही गोष्ट अग्राह्य. तसेंच, आपण अमुक गुन्हा करणार असें दर्शविणारे आरोपीचे उद्गार ग्राह्य. पण त्या जातीचे गुन्हे करण्याकडे त्याचा सामान्य कल आहे एवढेंच दाखविणारे उद्गार अग्राह्य. या कसोटीवर कार्ड घांसून पाहावें. अगदीं वाईटांत वाईट अर्थ घेतला तरी त्यावरून काय निघतें? कीं या मनुष्यास स्फोटक द्रव्यांची जिज्ञासा होती. ही जिज्ञासा १२ मेच्या किंवा ९ जूनच्या लेखांतील कोणत्या वाक्याचा हेतु उघड करते? माझ्या मतें कोणत्याच नाहीं.

येथें एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. सरकार पक्षानें या दोन लेखांखेरीज त्याच सुमारास 'केसरी'त आलेले दुसरेहि कांहीं लेख पुराव्यांत घातले, आणि आपल्याकडील मंडळी कार्ड व हे लेख या दोहोंविषयीं एकाच श्वासांत तक्रार करितात. ती सरसकट तक्रार मला मान्य नाहीं. त्याच कलम १४ मध्यें अब्रूनुकसानीचें उदाहरण आहे, व त्यांत आरोपीनें त्याच माणसाविषयीं पूर्वीं छापलेला मजकूर त्याच्या मनांतील द्वेष दाखविण्यासाठीं ग्राह्य धरला आहे. एकाच पत्रानें, एकाच विषयावर, लागोपाठच्या अंकांत लिहिलेले लेख हे याच जातीचे होत. ते वाचकांपुढें गेले होते, त्यांवर संपादकाची जबाबदारी होती, आणि एका लेखाचा अर्थ दुसऱ्याच्या आधारानें लावणें हें तर आपण पोथीच्या प्रत्येक पानावर करितों. उलट बाजूनेंहि पाहावें : चालू वाद काय होता व इतर पत्रें काय लिहीत होतीं, हें दाखविण्यावर टिळकांच्या स्वतःच्या बचावाची मोठी भिस्त होती. तेव्हां लेखांविषयींची तक्रार दुबळी आहे. कार्डाविषयींची बळकट आहे. दोन्ही एकत्र बांधल्यानें बळकट तक्रारीचेंहि वजन कमी होतें.

कार्डाचा अपाय किती झाला तो मोजून दाखवितां येणार नाहीं. ज्यूरीच्या खोलींत काय बोलणें झालें याचें टिपण कोणी ठेवीत नाहीं. परंतु अपायाची रीत समजण्यासारखी आहे. ९ जूनच्या लेखांत असा एक भाग होता कीं, बाँब ही बंदुकीप्रमाणें मोठ्या कारखान्यांत होणारी वस्तु नसून ती थोड्या साहित्याची व ज्ञानाची बाब आहे, म्हणून कायद्यानें तिचा बंदोबस्त होणार नाहीं. हें वाक्य कोणी राज्यकर्त्यास दिलेली सूचना म्हणून वाचील, कोणी धमकी म्हणून वाचील, शब्द तेच. आतां ज्याच्या हातांत एक क्षणापूर्वीं तें कार्ड होतें, असा परकी मनुष्य, भाषांतरावरून, मुझफरपुराच्या वार्तेनंतर अडीच महिन्यांच्या आंत, हाच भाग वाचतो. लेखकास त्या विद्येचीं पुस्तकें हवीं होतीं, हें त्याच्या मनांत आधींच बसलें आहे. शब्दांचा अर्थ त्यास शब्दांत शोधावा लागतच नाहीं. तो कार्डावरून घेऊन शब्दांत घातला जातो. लेखाचा न्याय व्हावयाचा तो लेखकाच्या विषयींच्या भयाचा होतो. न्यायमूर्तींनीं ज्यूरीस कितीहि समजावून सांगितलें तरी एकदां पाहिलेली वस्तु न पाहिल्यासारखी करणें हें मनुष्याच्या मनास साधत नाहीं. शाळेंत तीस वर्षें उत्तरपत्रिका तपासतांना मुलाचें नांव झांकून ठेवण्याची सवय मीं कां लावून घेतली होती, हें मला चांगलें आठवतें.

आपल्या धर्मशास्त्रांत या भेदाची ओळख नव्हती असें नाहीं. याज्ञवल्क्यानें व्यवहाराध्यायांतील स्तेयप्रकरणांत चोर कसा धरावा हें सांगतांना चार खुणा दिल्या आहेत : त्याच्यापाशीं सांपडलेला चोरीचा माल, ज्यास 'लोप्त्र' म्हणतात, पावलांचा माग, पूर्वीं गुन्हा केलेला असणें, आणि राहण्याच्या ठिकाणाचा पत्ता शुद्ध नसणें. यापुढें तोंड कोरडें पडणें, स्वर बदलणें, नांव व जात लपविणें, जुगार व मद्य यांचें व्यसन असणें यांवरूनहि संशयानें धरावें असें आहे. आजच्या वकिलास हें वाचून धक्काच बसेल. पण शब्द नीट पाहावा. शास्त्र म्हणतें तें धरण्याविषयीं, दंड करण्याविषयीं नव्हे. संशयानें धरलेल्यास स्वतःची शुद्धि करण्याची संधि पुढें वेगळी सांगितली आहे. विज्ञानेश्वर तर मिताक्षरेंत आणखी पुढें जातो. नारदाच्या आधारानें तो बजावतो कीं, चोरीचा मालसुद्धां दुसऱ्याच्या हातून गळून पडलेला, जमिनीवर सहज सांपडलेला, किंवा खऱ्या चोरानेंच टाकून दिलेला असूं शकेल, म्हणून त्याची परीक्षा यत्नपूर्वक करावी. चोर नसून जो व्यवहारांत चोर ठरला अशा माणसाचें उदाहरण म्हणून नारदानें मांडव्याचें नांव घेतलें आहे. मांडव्याची कथा आदिपर्वांत आहे : ऋषि मौनव्रत धरून बसलेले, चोर माल त्यांच्या आश्रमांत लपवून तेथेंच दडून बसले, राजाचे शिपाई आले, माल सांपडला, ऋषि बोलेनात, आणि राजानें त्यांस चोरांबरोबर सुळावर चढविलें. आश्रमांत माल सांपडला ही गोष्ट खरी होती. ती खरी असल्यामुळेंच घात झाला. मात्र आपल्या शास्त्रकारांनीं या सावधगिरीचें काम न्यायाधीशाच्या विवेकावर सोंपविलें. अमुक वस्तु त्याच्या डोळ्यांआड ठेवावी अशी योजना त्यांनीं केली नाहीं, व तशी जरूरहि त्यांस भासली नसावी, कारण तेथें पुरावा पाहणारा व निर्णय देणारा एकच असे. ज्यूरीच्या पद्धतींत हीं दोन कामें दोघांकडे गेलीं, आणि म्हणूनच पडदा धरणें शक्य झालें.

आरोपीचें पूर्वचरित्र हा या पडद्यामागें ठेवण्याचा मुख्य विषय. याविषयीं आपल्या कायद्याचा इतिहास संग्राहकांस मनोरंजक वाटेल, कारण १८७२ चा मूळ छापील कायदा व पुढील आवृत्ति यांत येथें दिवस-रात्रीचा फरक आहे. मूळच्या कलम ५४ मध्यें आरोपीस पूर्वीं कोणत्याहि गुन्ह्याबद्दल शिक्षा झाली असल्यास ती गोष्ट फौजदारी कामांत ग्राह्य आहे असें सरळ लिहिलें होतें. वाईट चालचलणूक मात्र अग्राह्य. एकोणीस वर्षें हा नियम चालला. सन १८९१ च्या तिसऱ्या कायद्यानें तें कलम बदललें, आणि आरोपीनें आपली चालचलणूक चांगली असल्याचा पुरावा आणल्यावांचून वाईट चालचलणुकीचा पुरावा, व तिचा भाग म्हणून पूर्वीच्या शिक्षेचाहि, आणतां येणार नाहीं असें ठरलें. म्हणून ज्यांच्या संग्रहीं या कायद्याची १८९१ पूर्वींची प्रत आहे त्यांनीं ती जपून ठेवावी. नवी प्रत हातीं धरून १८८० च्या सुमाराचे निकाल वाचणारास त्यांतील कांहीं भाग अन्यायाचाच वाटेल, वास्तविक तो तेव्हांच्या कायद्यास धरून असेल.

टिळकांच्या बाबतींत या बदलाचें महत्त्व विशेष आहे. १८८२ सालीं कोल्हापूरच्या दिवाणांच्या अब्रूनुकसानीच्या कामांत त्यांस व आगरकरांस चार महिन्यांची साधी कैद झाली होती. १८९१ चा बदल झाला नसता तर १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यांत न्या. स्ट्रॅची यांच्या ज्यूरीपुढें ती शिक्षा पहिल्याच दिवशीं ठेवतां आली असती, व १९०८ सालीं दोन्ही शिक्षा. नव्या नियमानें तसें करतां येईना. पूर्वीच्या शिक्षेमुळें वाढीव शिक्षा मागावयाची असल्यास आरोपपत्रांतील तो भाग ज्यूरीचा निकाल होईपर्यंत वाचूं नये, अशीहि १८९८ च्या फौजदारी कामाच्या कायद्यांत कलम ३१० ची आज्ञा होती. १९०८ मध्यें शिक्षा सांगतांना न्या. दावर यांनीं दहा वर्षांपूर्वींच्या शिक्षेचा व तींत मिळालेल्या सुटीचा उल्लेख केला खरा, पण तोंपर्यंत ज्यूरीचें काम संपलें होतें. कागदावर तरी नियम पाळला गेला. अर्थात् १८९७ चा खटला मुंबईच्या कोणत्या युरोपियन गृहस्थास ठाऊक नव्हता, असा प्रश्न कोणी केल्यास त्यास उत्तर नाहीं.

१८९७ च्या खटल्याविषयीं येथें थोडेंसें. 'केसरी'तील आक्षेपार्ह मजकूर १५ जूनचा. २२ जूनच्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड व आयर्स्ट यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. खटला ८ सप्टेंबरास सुरू झाला व १४ सप्टेंबरास संपला. दामोदर चापेकर यांस अटक झाली ती त्यानंतर. म्हणजे ज्या दिवशीं ज्यूरीनें सहा विरुद्ध तीन असें मत दिलें, त्या दिवशीं गोळी झाडणारा कोण हें कोणासहि माहीत नव्हतें, व संशयास सर्व पुणें मोकळें होतें. तेथें कार्डासारखी वस्तु नव्हती. तारखांनींच कार्डाचें काम केलें. अशा पूर्वग्रहास बाहेर ठेवणारें कलम कोणत्याहि कायद्यांत लिहितां येत नाहीं. स्थळ बदलणें किंवा काळ जाऊं देणें हे दोनच उपाय, आणि दोन्ही झाले नाहींत.

इंग्लंडांत हा विचार आणखी पुढें गेला. न्यू साउथ वेल्सच्या मेकिन खटल्यांत, ज्याचा निकाल १८९४ च्या न्यायग्रंथांत छापलेला आहे, एका बालकाच्या खुनाच्या आरोपांत आरोपींनीं भाड्यानें घेतलेल्या घरांच्या आवारांत पुरलेलीं इतर बालकांचीं प्रेतें सांपडल्याचा पुरावा घ्यावा कीं नाहीं हा प्रश्न प्रिव्ही कौन्सिलापुढें आला. कौन्सिलानें सांगितलें कीं, हा मनुष्य असले गुन्हे करणारांपैकींच आहे एवढें सुचविण्यासाठीं दुसरीं कृत्यें पुढें आणतां येणार नाहींत. पण मृत्यु अपघाती कीं बुद्धिपुरस्सर, यांसारख्या वादांतील प्रश्नावर त्यांचा उजेड पडत असेल तर आणतां येतील. त्या खटल्यांत ती गोष्ट ग्राह्य ठरली, आणि तें योग्यच झालें. पुढें १९१४ सालीं ख्रिस्टी खटल्यांत हाउस ऑफ लॉर्ड्सनें न्यायाधीशांच्या एका जुन्या वहिवाटीस मान्यता दिली : पुरावा कायद्यानें ग्राह्य असला तरी त्याचें खरें मोल अल्प आणि ज्यूरीवर होणारा परिणाम फार असेल, तर तो आणूं नये असें न्यायाधीशानें सरकारी वकिलास सुचवावें. टिळकांचें कार्ड या वर्णनास तंतोतंत जुळतें. मात्र तें सहा वर्षें आधीं कोर्टांत गेलें.

आमच्या १८७२ च्या कायद्यांत ही मोकळीक शब्दशः नव्हती. त्याची सर्व रचनाच अशी कीं, गोष्ट संबद्ध आहे कीं नाहीं एवढें पाहावें. संबद्ध असेल तर घ्यावी, नसेल तर टाकावी. संबद्ध असूनहि तोलानें टाकण्याचें तिसरें दार त्यांत नाहीं. पोलिसापुढील कबुलीजबाब अजिबात वर्ज्य करणारीं कलमें त्यांत आहेत, व तीं १८६१ च्या फौजदारी कायद्यांतून आलीं. पण तेथें कारण पूर्वग्रहाचें नसून छळाचें होतें. आणखी एक अडचण कलम १६७ ची. अयोग्य पुरावा आंत आला तरी तो वगळून बाकीचा पुरावा निकालास पुरेसा असेल तर तेवढ्यावरून निकाल फिरवूं नये, असें तें कलम सांगे. म्हणजे कार्ड दाखल करणें ही चूक होती असें वरच्या कोर्टानें मानलें असतें तरी, लेख तर होतेच, असें उत्तर तयार होतें. ज्यूरीनें कार्डावांचून काय केलें असतें हें पुढील कोणत्याहि न्यायाधीशास कळणें शक्य नाहीं, आणि तरीहि ठरविणें त्यास भाग पडतें. माझें स्वतःचें मत विचाराल तर, ती ज्यूरी व ते दिवस पाहतां कार्ड नसतें तरी बहुमत तेंच झालें असतें असें मला वाटतें. पण दोन पारशी गृहस्थ दुसऱ्या बाजूस राहिले ही गोष्ट त्या खटल्यांत निष्पक्षपातीपणास थोडी जागा होती हें दाखविते, व ती जागा कार्डानें अरुंद केली.

ज्यूरीची पद्धत आपल्याकडे आतां राहिली नाहीं. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेंत तिला स्थान मिळालें नाहीं, व ती संहिता १ एप्रिल १९७४ पासून अंमलांत आली. १८७२ चा पुराव्याचा कायदाहि १ जुलै २०२४ पासून जाऊन त्याच्या जागीं भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ आला. त्यांत पूर्वचरित्राविषयींचा जुन्या कलम ५४ चा नियम कलम ४९ म्हणून कायम आहे. मधल्या काळांत, मुंबईच्या एका कॉरोनरावरील मलकानी खटल्यांत, सर्वोच्च न्यायालयानें ग्राह्यतेचे कडक नियम आरोपीस अन्यायकारक होत असतील तर पुरावा नाकारण्याची मुभा न्यायाधीशास आहे असें म्हटलें. हा निकाल १९७३ च्या ग्रंथांत आहे. पण आतां पुरावा ग्राह्य आहे कीं नाहीं हें ठरविणारा व त्यावरून निर्णय देणारा पुन्हां एकच झाला आहे, जसा तो विज्ञानेश्वराच्या काळीं होता. त्यास आपल्याच डोळ्यांवर पडदा धरावयाचा असतो, आणि तो किती घट्ट बसला हें पाहणारा दुसरा कोणी नसतो.

राहिला प्रश्न आपला, म्हणजे संग्राहकांचा. कार्डाविषयीं दोन वृत्ति माझ्या पाहण्यांत आल्या आहेत. कांहीं जण पूज्यभावानें त्याचा उल्लेखच टाळतात. कांहीं जण तेंच हातीं घेऊन टिळकांच्या मनांत काय होतें याचा निकाल देतात. पहिले इतिहासाच्या दप्तरांत कोर्टाचा नियम आणतात, व दुसरे १९०८ च्या ज्यूरीच्या जागीं जाऊन बसतात. कोर्टानें बाहेर ठेवावयास पाहिजे होतें म्हणून तें आपण बाहेर ठेवावें असें नाहीं. आपल्या हातीं कोणाचें सहा वर्षांचें आयुष्य नाहीं, आणि आपला निर्णय उद्यां नवा कागद मिळाल्यास बदलतां येतो. ज्यूरीचा बदलतां येत नव्हता. तेव्हां कार्ड दप्तरांत ठेवावें. पण त्याबरोबर झडतीची तारीख, ८ जूनचे दोन कायदे, ९ जूनचा लेख व टिळकांचा खुलासा हे सर्व एकाच फडक्यांत बांधावे, आणि तें कोर्टांत कोणत्या कामीं वापरलें गेलें याची नोंद वर लिहावी.

या दोन्ही खटल्यांचे मूळ कागद, विशेषतः कोर्टाच्या दुभाष्यांनीं केलेलीं 'केसरी'च्या लेखांचीं भाषांतरें, झडतीचे पंचनामे व निशाणी घातलेले दाखले, यांच्या प्रती जुन्या वकिलांच्या घरीं अजून असण्याचा संभव आहे. ज्यांच्या पाहण्यांत अशा प्रती येतील त्यांनीं कागदाच्या पाठीवरील निशाणी, तारीख व शिक्का हीं प्रथम उतरून घ्यावीं. मजकूर बहुधा छापील मिळेल. तो कोणत्या दिवशीं व कोणाच्या म्हणण्यावरून पुराव्यांत आला, हें मात्र पाठीवरच मिळतें, आणि कागद चिकटवून ठेवण्याच्या हौसेंत पाठ प्रथम नाहींशी होते.